आज बडोद्यातून निघणारी पेटी २०३८ पाहणार आहे

प्रश्न थोडक्यात असा आहे. बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसी औद्योगिक वसाहतीतल्या एका लहान कारखान्यात विद्युत उपकेंद्रांसाठी डेटा लॉगर, म्हणजे वेळेसह मोजमापे नोंदवणाऱ्या पेट्या, बनतात. आत ३२-बिट एआरएम बोर्ड, त्यावर डेबियन १२ हे लिनक्स आणि सी भाषेत लिहिलेला स्वतःचा प्रोग्रॅम. नोंदी मायएसक्यूएल डेटाबेसच्या सर्व्हरवर जातात आणि स्काडाला, म्हणजे उपकेंद्रावर दूरून लक्ष ठेवणाऱ्या यंत्रणेला, मॉडबस या प्रोटोकॉलवरून मिळतात. जानेवारी २०३८ मध्ये ३२ बिटांत सेकंद मोजणारी घड्याळे भरून उलटणार आहेत, त्याबद्दल विचारणाऱ्या तरुण अभियंता लिहितात : "२०३८ चा विषय काढला की शेठ म्हणतात, 'हजु तो बार वरस बाकी छे.' पुढच्या मॉडेलला ६४-बिट प्रोसेसर घ्यायचाच आहे, मग प्रश्न आपोआप सुटणार नाही का? नसेल सुटत, तर आत्ता नेमके काय हाती घ्यायचे?"

आधी उत्तर देतो. आपोआप सुटणार नाही. प्रोसेसर बदलल्याने अर्धे काम होईल, उरलेले अर्धे डेटात, फाइलसिस्टीममध्ये आणि मॉडबसच्या नकाशात बसलेले आहे. आणि बारा वर्षे म्हणाल तर तीही उरलेली नाहीत.

शेठजी कॅलेंडर मोजतात. तुम्हाला मोजायचे आहे ते पेटीचे आयुष्य. उपकेंद्रातला ट्रान्सफॉर्मर पंचवीस-तीस वर्षे उभा असतो आणि त्याच्या शेजारच्या पॅनेलमध्ये बसवलेली पेटी चालते आहे तोवर तिला कोणी हात लावत नाही. गेटको आणि एमजीव्हीसीएल या वीज पारेषण आणि वितरण करणाऱ्या दोन्ही कंपन्यांची मुख्य कार्यालये बडोद्यातच आहेत, शहराभोवती स्विचगियर आणि ट्रान्सफॉर्मरचे कारखाने आहेत. पंधरा वर्षे चाललेली पेटी या धंद्यात नवलाची नाही, हे शेठजींना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असेल. मग यंदा डिस्पॅच होणाऱ्या पेटीच्या वर्षात पंधरा मिळवा : २०४१ येते. त्या पेटीत सुधारणा करायची मुदत ती पॅकिंगच्या टेबलावरून उतरते त्या दिवशी संपते. यानंतर जे काही दुरुस्त करायचे ते दूरच्या एखाद्या उपकेंद्रात माणूस पाठवून करावे लागेल, आणि त्या फेरीचा खर्च शेठजी चांगला जाणतात. त्यांच्याशी बोलताना मी तरी एवढाच हिशेब मांडेन.

यंत्रणा माहीत असेलच, तरी आकडे एकदा समोर असू देत. युनिक्सची वेळ म्हणजे १ जानेवारी १९७० च्या मध्यरात्रीपासून, जागतिक प्रमाणवेळेने मोजलेले सेकंद. ही मोजणी अधिक-उणे चिन्हासह ३२ बिटांत ठेवली तर कमाल आकडा येतो २,१४,७४,८३,६४७. तो गाठला जाईल मंगळवार, १९ जानेवारी २०३८ रोजी, आपल्याकडे सकाळचे ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंद झालेले असताना. पुढच्या सेकंदाला चिन्हाचा बिट उलटतो आणि घड्याळ १३ डिसेंबर १९०१ वर, सयाजीराव महाराजांच्या राजवटीत, जाऊन बसते. हीच मोजणी ६४ बिटांत ठेवली तर जवळपास २९२ अब्ज वर्षे पुरते.

पण गडबड त्या सकाळची वाट पाहत थांबत नाही. जो प्रोग्रॅम पुढच्या तारखा काढतो त्याला सीमा आधीच लागते. वीस वर्षांच्या गृहकर्जाचे हप्ते मांडणारे सॉफ्टवेअर २०१८ मध्येच तिथे पोहोचले. मे २००६ मध्ये एओएलसर्व्हर हे वेब सर्व्हरचे सॉफ्टवेअर चालवणाऱ्यांचे सर्व्हर अचानक कोसळू लागले. टाइमआउट कधीच होऊ नये म्हणून सेटिंगमध्ये शंभर कोटी सेकंद लिहायची पद्धत होती, आणि १३ मे २००६ पासून 'आत्ता अधिक शंभर कोटी' ही बेरीज ३२ बिटांत मावेना. तुमच्या लॉगरमध्येही असे हिशेब असतील : प्रमाणपत्राची मुदत, पुढच्या कॅलिब्रेशनची तारीख, परवाना संपण्याचा दिवस. 'कधीच नाही' याऐवजी कोणी एखादा मोठा आकडा लिहिला आहे का, तेही बघा.

आता ऑपरेटिंग सिस्टीमकडे वळू, कारण मूळ प्रश्न तिचा आहे आणि तिथे चांगली बातमी आहे. खालच्या थरांतले अवघड काम झालेले आहे. युनिक्सच्या घराण्यातल्या नेटबीएसडीने ६.० आवृत्तीत, २०१२ साली, आणि ओपनबीएसडीने ५.५ मध्ये, २०१४ साली, सगळीकडे ६४-बिट वेळ आणली. त्यांच्याकडे कर्नेल, म्हणजे सिस्टीमचा गाभा, आणि वरची लायब्ररी एकाच घरातली, त्यामुळे दोन्ही एकदम बदलता आले. लिनक्सला ते शक्य नव्हते. जुना प्रोग्रॅम नव्या कर्नेलवर चाललाच पाहिजे हा तिथला नियम आहे आणि तो मोडला जात नाही. म्हणून वेळेशी संबंध असलेल्या सिस्टीम कॉलना, म्हणजे प्रोग्रॅम कर्नेलला करतो त्या विनंत्यांना, जुन्याशेजारी नवी ६४-बिट जोडी द्यावी लागली, ड्रायव्हर तपासावे लागले, फाइलसिस्टीमचा सामाईक थर बदलावा लागला. आर्न्ड बर्गमन आणि दीपा दिनमणी यांनी आणि त्यांच्यासोबत अनेकांनी हे काम वर्षानुवर्षे, तुकड्यातुकड्याने केले. मे २०१९ च्या ५.१ कर्नेलमध्ये नवे कॉल आले. मार्च २०२० चा ५.६ हा असा पहिला कर्नेल, ज्यावर ३२-बिट यंत्रणा २०३८ ओलांडू शकते. या माणसांबद्दल मला मनापासून आदर आहे. हे काम नीट झाले की बाहेर कोणाला काही दिसतच नाही.

कर्नेलनंतर सी लायब्ररी. मसल या लहान लायब्ररीने १.२.० पासून, २०२० साली, ३२-बिट यंत्रांवरही टाइम_टी, म्हणजे सी मध्ये वेळ ठेवायचा प्रकार, सरळ ६४-बिट केला. डेबियन वापरते त्या जीलिबसीने २.३४ मध्ये, ऑगस्ट २०२१ ला, सोय दिली पण निवड बांधणाऱ्यावर सोडली. 'टाइम बिट्स ६४' आणि 'फाइल ऑफसेट बिट्स ६४' हे दोन्ही मॅक्रो, म्हणजे बांधणीच्या वेळी कंपायलरला द्यायच्या खुणा, दिले तरच नवी वेळ मिळते, नाहीतर जुनीच. तुमची अडचण नेमकी इथे आहे. डेबियन १२ मध्ये कर्नेल ६.१ आहे, जीलिबसी २.३६ आहे. दोन्हींत सोय आहे, तरीही त्याच्या ३२-बिट एआरएम आवृत्तीतली पॅकेजेस जुन्या वेळेनेच बांधलेली आहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ ने ती सगळी ६४-बिट वेळेने नव्याने बांधली. फक्त जुन्या इंटेलची आय-३८६ आवृत्ती मुद्दाम तशीच ठेवली, कारण ती आता मुख्यतः जुने बायनरी प्रोग्रॅम चालवण्यासाठीच वापरली जाते. तेव्हा "कर्नेल नवा आहे, म्हणजे आपण सुटलो" हे कोणी म्हणाले तर मान्य करू नका.

यावर लगेच सुचणारा उपाय म्हणजे डेबियन १२ वरच राहून आपला प्रोग्रॅम तेवढा नव्या मॅक्रोंनी बांधणे. कृपा करून हे करू नका. तुमचा प्रोग्रॅम ज्या लायब्रऱ्यांना वेळ असलेली रचना देतो, त्यांच्या लेखी सेकंद चार बाइटचे आहेत आणि तुमच्या लेखी आठ. तुम्ही सोळा बाइटची रचना पाठवता, लायब्ररी तीच आठ बाइटची समजून वाचते. कंपायलर काही बोलत नाही, लिंकर काही बोलत नाही. कधी वेळ चुकते, कधी शेजारची मेमरी बिघडते, आणि दोष महिन्याभराने भलत्याच ठिकाणी दिसतो. लायब्रऱ्यांसकट सगळे एकत्र बदलायचे किंवा काहीच बदलायचे नाही. डेबियन १३ वर जा, किंवा योक्टो अथवा बिल्डरूट या साधनांनी संपूर्ण इमेज स्वतः बांधा. लहान गेटवेसाठी ओपनडब्ल्यूआरटी हे राउटरांचे लिनक्स वापरत असाल तर २२.०३ पासून पुढची आवृत्ती घ्या. तीत नवा मसल आहे.

इमेज तयार झाली की तिच्यातली प्रत्येक बायनरी आणि प्रत्येक लायब्ररी तपासा. स्रोत हाताशी नसला तरी हे जमते. डायनॅमिक सिम्बॉलांची, म्हणजे फाइल बाहेरून मागवते त्या फंक्शनांच्या नावांची, यादी काढायची. ६४-बिट वेळेने बांधलेल्या फाइलमध्ये टाइम, क्लॉक-गेट-टाइम, लोकल-टाइम यांच्या नावांना ६४ जोडलेली रूपे दिसतात. साधी, जुनी नावे दिसली तर ती फाइल मागे राहिलेली आहे. बाहेरून विकत घेतलेली, फक्त बायनरी मिळालेली प्रोटोकॉल लायब्ररी बहुधा इथेच सापडते. तिच्या विक्रेत्याला आजच लिहा, त्यांना वेळ लागतो. दुसरी आणखी कडक परीक्षा म्हणजे कर्नेलमधले ३२-बिट वेळेचे जुने कॉल बंद करून तो पुन्हा बांधायचा. 'कॉम्पॅट ३२-बिट टाइम' नावाचा पर्याय त्याचसाठी आहे. तो बंद असला की जुने कॉल कर्नेल सरळ नाकारतो आणि मागे राहिलेला प्रोग्रॅम प्रयोगशाळेतच अडतो.

कर्नेल कोणता ठेवायचा यावर इतकेच सांगतो : पंधरा वर्षांची पेटी असेल तर ज्याला दीर्घ पाठिंबा आहे तोच घ्या. लिनक्स फाउंडेशनचा सिव्हिल इन्फ्रास्ट्रक्चर प्लॅटफॉर्म हा प्रकल्प नेमका अशा यंत्रांसाठी ५.१० आणि ६.१ सारखे कर्नेल जास्त काळ सांभाळतो.

आता तुमचा स्वतःचा सी कोड. इथे सगळ्यात जास्त वेळ द्या, कारण हा भाग दुसरे कोणी दुरुस्त करून देणार नाही. टाइम_टी ६४-बिट झाला तरी कोणी तो साध्या इंट मध्ये ठेवला असेल तर तिथे पुन्हा ३२ बिटच उरतात. छापताना लाँग धरून छापला असेल तर ३२-बिट बोर्डावर चुकीचे आकडे उमटतील. लाँग लाँग करून छापा. मजकुरातून आकडा वाचताना ए-टू-आय हे इंटच देणारे फंक्शन वापरले असेल तर तेही बदला. कंपायलरचे रूपांतराचे आणि फॉरमॅटचे इशारे चालू करा आणि आलेला प्रत्येक इशारा बघा. कंटाळवाणे आहे, पण दुसरा मार्ग मला माहीत नाही. आणि केवळ 'टाइम' हा शब्द शोधून थांबू नका. १ जानेवारी २०२२ ला मायक्रोसॉफ्ट एक्स्चेंजच्या सर्व्हरांवर मेल अडकले. त्याचे कारण युनिक्स वेळ नव्हते. मालवेअर तपासणाऱ्या भागाची आवृत्ती तारखेचे आकडे सलग जोडून लिहिली जात होती, आणि २२०१०१०००१ हा आकडा चिन्हासह ३२ बिटांत मावला नाही. तुमच्या कोडमध्येही वर्ष, महिना, दिवस जोडून बनवलेला एखादा अनुक्रमांक असू शकतो.

कालावधी मोजण्यासाठी भिंतीवरचे घड्याळ वापरू नका, फक्त पुढेच जाणारे मोनोटॉनिक घड्याळ वापरा. 'शेवटच्या नोंदीला दहा सेकंद झाले का' हे ठरवायला आजची तारीख लागतच नाही. हा बदल सोपा आहे आणि त्यामुळे तारखेवर अवलंबून असलेला बराच कोड यादीतून गळतो.

सगळ्यात मोठा खड्डा मात्र फाइलींत असतो. लॉगरचे जुने प्रोग्रॅम सी मधली रचना जशीच्या तशी फाइलमध्ये ओततात, तीत टाइम_टी असतो. नव्या बांधणीत त्या रचनेची लांबी वाढते, आणि एआरएमवर आठ बाइटची किंमत आठच्या पटीतल्या पत्त्यावर बसवली जात असल्याने मध्ये रिकाम्या जागाही बदलतात. परिणाम असा होतो की फर्मवेअर अपग्रेड केल्यावर पेटी आपल्याच कालच्या नोंदी वाचू शकत नाही. २०३८ साठी केलेली दुरुस्ती आजच डेटा घालवते. म्हणून आधी फाइलची रचना टाइम_टीपासून सोडवा. सुरुवातीला आवृत्तीचा आकडा, मग सेकंदांसाठी ठरलेले आठ बाइट, त्यांचा क्रमही लिहून ठेवलेला. जुनी आवृत्ती वाचणारा कोड कायम ठेवा. हे काम आजच्या डेबियन १२ वरच करून, तपासून, उपकेंद्रांत बसवलेल्या पेट्यांवर पाठवता येते. ऑपरेटिंग सिस्टीम बदलण्याआधी हे व्हावे, असा माझा आग्रह आहे.

तुमच्या ६४-बिट प्रोसेसरकडे येतो. त्यावर टाइम_टी ६४-बिट असतो हे खरे, आणि मी तुमच्या जागी असतो तर तोच घेतला असता. पण डिस्कवरची माहिती प्रोसेसर बदलून बदलत नाही. ईएक्सटी-४ या फाइलसिस्टीममध्ये प्रत्येक फाइलची माहिती ठेवणारा आयनोड २५६ बाइटचा असेल तर वेळ २४४६ पर्यंत जाते, १२८ बाइटचा असेल तर २०३८ ला संपते. बरेच जण म्हणतील, आजकाल २५६ च असतो. मोठ्या विभागांचा असतो, पण जुन्या साधनांनी बनवलेल्या लहान विभागांना, विशेषतः बूटच्या विभागाला, मुळातच १२८ मिळत असे. ट्यून-टू-एफएस या आज्ञेने आयनोडचा आकार बघायला अर्धे मिनिट लागते. विभाग उतरवून आणि आधी बॅकअप घेऊन तो वाढवता येतो, पण नव्या पेटीत तो पहिल्यापासूनच २५६ चा बनवणे चांगले. एक्सएफएस या दुसऱ्या फाइलसिस्टीममध्ये ५.१० कर्नेलपासून 'बिगटाइम' आला, त्याने मर्यादा २४८६ पर्यंत गेली. जुनी एक्सएफएस असेल तर तो चालू करावा लागतो. ५.४ पासूनचा कर्नेल अशी फाइलसिस्टीम जोडताना 'वेळ २०३८ पर्यंतच' असा इशारा लॉगमध्ये टाकतो. तो इशारा आजवर तुमच्याकडे किती पेट्यांत उमटला आणि कोणी वाचला का, बघा. फ्लॅशवरच्या यूबीआयएफएसला काळजी नाही, जेएफएफएस-२ आणि स्क्वॅशएफएस २१०६ पर्यंत चालतात, फॅट २१०७ पर्यंत.

६४-बिट यंत्रांवरही उरलेली आणखी एक जागा आहे आणि ती अनेकांच्या नजरेतून सुटते. कोण कधी लॉगिन झाले याची नोंद ठेवणाऱ्या यूटीएमपी आणि डब्ल्यूटीएमपी या फाइलींत जीलिबसीने सुसंगतीसाठी ६४-बिट इंटेलवरही सेकंद ३२-बिटच ठेवले. म्हणून त्यांच्या जागी डब्ल्यूटीएमपीडीबी आणि लास्टलॉग-२ आले, डेबियन १३ ने जुन्या आज्ञा काढून टाकल्या. तुमची एखादी स्क्रिप्ट 'लास्ट' या आज्ञेवर अवलंबून असेल तर अपग्रेडनंतर ती लगेच अडेल.

सर्व्हरवरच्या मायएसक्यूएलमध्ये टाइमस्टॅम्प जातीचा कॉलम १९ जानेवारी २०३८ लाच संपतो, सर्व्हर कितीही बिटांचा असो. डेटटाइम ९९९९ पर्यंत जातो. पण एकातून दुसऱ्यात नेताना सावध राहा. टाइमस्टॅम्प आत जागतिक वेळ ठेवतो आणि दाखवताना सत्राच्या टाइमझोनप्रमाणे बदलून दाखवतो, डेटटाइम दिले ते तसेच ठेवतो. सत्र भारतीय वेळेवर असताना कॉलम बदललात तर जुन्या नोंदी भारतीय वेळेने कोरल्या जातील, आणि लॉगर नव्या नोंदी जागतिक वेळेने पाठवत असेल तर एकाच टेबलात साडेपाच तासांची फट पडेल. आधी सत्राचा टाइमझोन शून्यावर आणा, मग बदला. कोणी साध्या इंट कॉलममध्ये सेकंद ठेवले असतील तर तो बिगइंट करा. कडक मोड बंद असलेला मायएसक्यूएल मोठा आकडा आला की चूक न सांगता कमाल आकड्यावर थांबवतो, आणि त्यानंतरच्या प्रत्येक नोंदीवर तीच एक वेळ बसते.

आता अशा तारखेकडे येतो, जी २०३८ च्या आधी येते आणि जिचे नाव फार थोडे जण घेतात. एनटीपी, म्हणजे नेटवर्कवरून घड्याळ जुळवण्याचा प्रोटोकॉल, १९०० पासूनचे सेकंद चिन्हाशिवाय ३२ बिटांत मोजतो. ती मोजणी गुरुवार, ७ फेब्रुवारी २०३६ रोजी, आपल्या वेळेने सकाळी ११ वाजून ५८ मिनिटे १६ सेकंदांनी शून्यावर येते. क्रोनी किंवा एनटीपीडी हे तयार क्लायंट ते ओळखतात. प्रश्न आहे तो लहान बोर्डांवर हाताने लिहिलेल्या दहा-बारा ओळींच्या क्लायंटचा. त्यात एनटीपीच्या सेकंदांतून २,२०,८९,८८,८०० वजा करून युनिक्स वेळ काढतात, कारण १९०० ते १९७० मधले तेवढे सेकंद. ही वजाबाकी चिन्हाशिवाय ३२ बिटांत केली असेल तर २०३६ नंतरही ती बरोबर येते : शून्यातून वजा करताना आकडा गुंडाळून २,०८,५९,७८,४९६ होतो आणि तीच त्या क्षणाची खरी युनिक्स वेळ आहे. आता कोणी २०३८ च्या दुरुस्तीच्या उत्साहात ते व्हेरिएबल आधी ६४-बिट केले आणि मग वजाबाकी केली, तर गुंडाळणे थांबते, उत्तर ऋण येते आणि घड्याळ १९०० मध्ये जाते. चालणारा कोड दुरुस्तीने बिघडला. बरोबर पद्धत अशी : आलेल्या ३२ बिटांतला सर्वांत वरचा बिट शून्य असेल तर ती वेळ २०३६ नंतरची धरायची आणि ६४ बिटांत २ चा ३२ वा घात आधी मिळवायचा, मग वजाबाकी करायची. आंधळेपणाने सगळीकडे ६४ लिहिणे ही दुरुस्ती नव्हे, हे तुमच्या टीमला पटवायला मी हेच उदाहरण देतो.

बोर्डावरच्या आरटीसी, म्हणजे पेटी बंद असतानाही वेळ राखणाऱ्या, चिपकडेही बघा. पुष्कळ चिपा वर्षाचे दोनच अंक ठेवतात, शतक ड्रायव्हर जोडतो, त्याची अडचण २१०० ला. मात्र मी पाहिलेल्या ३२-बिट कर्नेलांत एक मुद्दाम घातलेली अट आहे : बूट होताना आरटीसीत २०३८ नंतरची वेळ सापडली तर कर्नेल ती सिस्टीमला देत नाही, कारण वरचे प्रोग्रॅम जुने असले तर अडकतील. म्हणजे सगळे नव्याने बांधूनही पेटी नेटवर्कशिवाय चालू झाली तर चुकीच्या वेळेने उठेल. तुमच्या कर्नेलमध्ये ती अट आहे का ते स्रोतात बघा, आणि असेल तर बूटच्या स्क्रिप्टमधून आरटीसी वाचून घड्याळ लावा.

उपकेंद्रातली यंत्रे ज्यांवरून बोलतात त्या प्रोटोकॉलांत दरेकाची तऱ्हा वेगळी. आयईसी १०४ मधल्या सात बाइटच्या वेळेत वर्षाचे दोनच अंक असतात, शतक आपण ठरवतो. आयईसी ६१८५० सेकंद चिन्हाशिवाय ३२ बिटांत ठेवते, म्हणून २१०६ पर्यंत पुरते, जर घेणाऱ्याने ते चिन्हाशिवाय वाचले तर. डीएनपी-३ मध्ये ४८ बिटांत मिलिसेकंद आहेत, तिथे चिंता नाही. मॉडबसला वेळेची स्वतःची जातच नाही. आपणच दोन १६-बिट रजिस्टरांत सेकंद ठेवतो आणि त्यांना चिन्ह आहे की नाही हे रजिस्टरांच्या तक्त्यात कोणी लिहीत नाही. ते आज लिहा. 'चिन्हाशिवाय' एवढा एक शब्द घातला की तीच दोन रजिस्टरे ७ फेब्रुवारी २१०६ पर्यंत चालतात आणि पेटीत काही बदलावे लागत नाही. ही युक्ती ऑपरेटिंग सिस्टीमच्या आत मात्र चालत नाही. तिथे ऋण एक हा आकडा चुकीची खूण म्हणून वापरला जातो आणि १९७० पूर्वीच्या तारखाही लागतात. स्काडा बाजूच्या लोकांनी ती रजिस्टरे चिन्हासह वाचायची सेटिंग केली असेल तर ती त्यांच्याकडून बदलून घ्या. नव्या मॉडेलला चार रजिस्टरांची नवी जागा द्या आणि जुने पत्ते तसेच राहू द्या.

तपासणी वेगळ्या बोर्डावरच करा, ग्राहकाकडे जाणाऱ्या पेटीवर कधीही नाही. सिस्टमडीची टाइमसिंक सेवा शेवटची माहीत असलेली वेळ डिस्कवर ठेवते आणि पुढच्या बूटला घड्याळ त्याच्या मागे जाऊ देत नाही. फेक-हार्डवेअर-क्लॉकही तसेच करते. एकदा २०३८ दाखवलेली पेटी नेटवर्क मिळेपर्यंत २०३८ मध्येच राहते, आणि तिच्या सगळ्या नोंदी खराब होतात. सुरुवातीला क्यूएमू या एम्युलेटरमध्ये आरटीसीची वेळ देऊन इमेज चालवा, ते सर्वांत स्वस्त. मग खऱ्या बोर्डावर, एनटीपी बंद करून, दोन वेगवेगळ्या परीक्षा घ्या. पहिलीत पेटी चालू असताना ती सीमा ओलांडू द्या. दुसरीत पेटी बंद करून, आरटीसी २०३९ वर लावून, थंड अवस्थेतून चालू करा. पहिलीत पास होणाऱ्या पेट्या दुसरीत अडतात, कारण बूटचा रस्ता वेगळा आहे. हेच दोन्ही प्रकार फेब्रुवारी २०३६ च्या तारखेला, तुमच्याच खोट्या एनटीपी सर्व्हरसह करा. टीएलएस ची, म्हणजे सुरक्षित जोडणीची, प्रमाणपत्रे त्या तारखांना संपलेली असतील. पडताळणी बंद करून पुढे जायचा मोह होईल, पण मग तो रस्ता तपासलाच जात नाही. २०५० पर्यंतची चाचणी प्रमाणपत्रे स्वतः बनवा. प्रोग्रॅमला खोटी वेळ दाखवणारे लिबफेकटाइम एकेका प्रोग्रॅमसाठी उपयोगी आहे, पण स्टॅटिक बांधलेल्या बायनरीवर त्याचा परिणाम होत नाही हे लक्षात असू द्या.

राहिल्या त्या आधीच बाहेर गेलेल्या पेट्या. ज्यांना दूरून अपग्रेड पाठवता येते त्यांना आधी फाइलची नवी रचना पाठवा, मग संपूर्ण इमेज. ज्यांना पाठवता येत नाही आणि ज्या फक्त स्थानिक केबलवर, टीएलएस शिवाय बोलतात, त्यांच्यासाठी वर्ष २००० च्या वेळची एक जुनी तोड आजही चालते : पेटीचे घड्याळ २८ वर्षे मागे लावायचे आणि गेटवेने तेवढी वर्षे मिळवून पुढे पाठवायचे. २०९९ पर्यंत वार आणि लीप वर्षे २८ वर्षांनी तशीच येतात, त्यामुळे २०३८ ला पेटी २०१० समजून चालेल. ज्या पेटीवर हे कराल तिच्या दारावर आतून तसे लिहून ठेवा, आणि गेटवेच्या सेटिंगमध्ये पेटीच्या अनुक्रमांकासह नोंद ठेवा. ती यादी बनवायला तुमचे डिस्पॅच रजिस्टर लागेल : अनुक्रमांक, फर्मवेअरची आवृत्ती, कोणत्या उपकेंद्रात गेली, दूरून पोहोचता येते की नाही. शेठजींकडून पहिली परवानगी त्या यादीसाठी मागा. तिला पैसे लागत नाहीत, आणि पुढचा सगळा खर्च तिच्यावरूनच काढता येईल.